पदवीनंतरचा खर्च : जाण्याचं भाडं आणि परतीचंही

यूपीएससीच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेचा अर्ज १०० रुपयांत भरता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना तेवढेही पडत नाहीत. पण पुण्यात खोली घेऊन त्याच परीक्षेची दोन वर्षं तयारी करायची, तर साडेतीन लाखांच्या आसपास खर्च येतो. त्या दोन वर्षांत न मिळालेला पगार धरला, तर आकडा दुपटीच्याही वर जातो.

पदवीनंतरच्या बहुतेक वाटांचं असंच आहे. जाहिरातीत छापलेली रक्कम छोटी असते. आत शिरल्यावरची मोठी असते. आणि नाही जमलं तर बाहेर पडायला किती लागेल, हे कुणी छापतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाट ठरवण्याआधी जाण्याच्या भाड्याबरोबर परतीचं भाडंही मोजावं, एवढ्यासाठी हा हिशेब.

परीक्षांचं शुल्क गेल्या एक-दोन वर्षांतल्या जाहिरातींतलं आहे. खोली, मेस, क्लास यांचे दर ढोबळ आहेत. पेठ बदलली की तेही बदलतात. अर्ज भरण्याआधी चालू वर्षाची जाहिरात स्वतः उघडून पाहा.

कागदावर तीन रकाने

मनात असलेल्या प्रत्येक वाटेसाठी एक पान घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा.

पहिला, शिरण्याचा खर्च : अर्ज, दाखले, प्रवेशपरीक्षा, क्लासची फी, अनामत.

दुसरा, टिकण्याचा खर्च : दर महिन्याला लागणारी रक्कम गुणिले महिने. महिने मोजताना अभ्यासाचेच मोजू नका. निकालाची, मुलाखतीची, नेमणुकीची वाट पाहण्यातले महिनेही धरा.

तिसरा, परतीचा खर्च : ही वाट सोडायची वेळ आली, तर डोक्यावर किती कर्ज असेल, वय किती झालेलं असेल आणि दुसरीकडे शिरायला काय लागेल.

पहिल्या रकान्याची चर्चा घरोघर होते. दुसऱ्याची अर्धीमुर्धी होते. तिसरा बहुतेक पानांवर रिकामाच राहतो, आणि पुढे घराला जड जातो तो तोच.

आधी दाखले, मग बाकीचं

सर्वांत स्वस्त तयारी कागदपत्रांची आहे, आणि ती न केल्याचा भुर्दंड सर्वांत मोठा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र यांतले तुम्हाला लागू होणारे सगळे दाखले पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच हातात हवेत. आपले सरकार सेवा केंद्रात यांतल्या साध्या दाखल्यांचं सरकारी शुल्क शंभर रुपयांच्या आत असतं. दर केंद्राबाहेर लावलेला असावा लागतो. जास्त मागितले तर पावती मागा. जातीच्या, उत्पन्नाच्या किंवा नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्याला जोडायच्या प्रतिज्ञापत्रासाठी कुणी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर आणायला सांगितलं, तर त्या कामांसाठी राज्य सरकारने मुद्रांक शुल्क माफ केलेलं आहे, याची नम्रपणे आठवण करून द्या.

दोन जागी मुलं हमखास अडकतात. पहिली : राज्याचं आणि केंद्राचं ओबीसी प्रमाणपत्र वेगळ्या नमुन्यातलं असतं. एमपीएससीला चालणारा कागद यूपीएससी, गेट किंवा कॅटला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यात कोणत्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न आणि कोणत्या तारखेनंतरचा दाखला हवा, हे प्रत्येक जाहिरातीत दिलेलं असतं. दुसरी : जात वैधता. ती समितीकडून येते आणि तिला महिने लागू शकतात. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून ती मिळत नाही. मिळाली नाही तर राखीव जागा हातची जाते आणि खुल्या प्रवर्गाची फी भरावी लागते. शंभर रुपयांच्या कामाचा असा लाखाचा फटका बसतो.

परदेशाचा विचार पुसटसा जरी असेल, तरी पासपोर्ट आत्ताच काढा. ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आहे. घाईत तत्काळमधून काढला तर वर आणखी २,००० लागतात.

चौथं वर्ष करायचं का?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांपुढे हा प्रश्न नव्यानेच आला आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते. तीन वर्षांनंतर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचं, चार वर्षांनंतर एका वर्षाचं. म्हणजे एम.ए., एम.एस्सी. नक्की करायचं असेल, तर एकूण वर्षं पाचच.

फरक परतीच्या रकान्यात पडतो. तीन वर्षांनी निघालात आणि एम.ए. अर्धवट सोडलंत, तर हातात तीन वर्षांची पदवी राहते. चौथं वर्ष पूर्ण करून थांबलात, तर ऑनर्स पदवी राहते. संशोधनाकडे जायचं असेल तर चौथ्या वर्षाला आणखी किंमत आहे. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असतील तर नेट देता येते आणि एम.ए. न करता पीएच.डी.ची वाटही उघडते. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं चार वर्षांचीच पदवी मागतात. उलट एमपीएससी, यूपीएससी, बँक किंवा एमबीए हेच लक्ष्य असेल, तर तीन वर्षांची पदवी पुरते. तिथे चौथ्या वर्षाची फी आणि वेळ कशासाठी द्यायचा, याचं उत्तर स्वतःला देता आलं पाहिजे.

स्पर्धा परीक्षा : अर्ज स्वस्त, महिने महाग

एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेचं शुल्क खुल्या प्रवर्गाला ५४४ आणि मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल, अनाथ, दिव्यांग उमेदवारांना ३४४ रुपये. गट ब आणि गट क च्या संयुक्त पूर्वपरीक्षांचं प्रत्येकी ३९४ आणि २९४. यूपीएससीचे १०० धरून वर्षभराचे हे सगळे अर्ज खुल्या प्रवर्गातल्या मुलाने भरले, तरी १,४३२ रुपयेच होतात.

आता दुसरा रकाना. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात राहणाऱ्या मुलाचा मध्यम खर्च मांडू. कॉट बेसिसवर जागा ४,०००. दोन वेळची मेस ३,५००. अभ्यासिका १,५००. प्रवास, मोबाइल, चहा, झेरॉक्स, औषधपाणी २,०००. पुस्तकं आणि टेस्ट सिरीजचा महिन्याला पडणारा हिस्सा १,०००. एकूण महिना १२,००० रुपये, दोन वर्षांचे २,८८,०००. क्लासची फी ६०,००० सांगितली असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७०,८००. बेरीज ३,५८,८००. या काळात गावाजवळ महिना १८,०००ची नोकरी मिळाली असती असं धरलं, तर बुडालेला पगार ४,३२,०००. म्हणजे दोन वर्षांचा खरा आकडा ७,९०,८०० रुपये. दिल्लीत राजेंद्रनगर किंवा मुखर्जीनगरला जाऊन राहिलात, तर भाडं आणि क्लास दोन्ही याच्या बरेच वर जातात.

खर्च कापायच्या जागा आहेत. पायाभूत पुस्तकं आणि चालू घडामोडी यांचे पहिले सहा महिने गावीच, ग्रामपंचायतीच्या किंवा नगर वाचनालयाच्या अभ्यासिकेत काढले, तर पुण्यातले ७२,००० रुपये वाचतात. पुण्याचा खरा उपयोग गटचर्चेला आणि उत्तरं तपासून घ्यायला होतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, म्हणून मुख्य परीक्षेच्या आधीचे महिने तिथे काढणं हिशेबाला धरून आहे. खोली घेताना अनामत किती, सोडताना किती दिवस आधी सांगायचं आणि रंगरंगोटीचे पैसे कापतात का, हे विचारा. मेसमध्ये खाडे धरतात का, तेही पहिल्याच दिवशी विचारा. दिवाळीला गावी गेल्यावर त्याची किंमत कळते.

फुकट किंवा जवळजवळ फुकट मार्गदर्शनाच्या जागाही आहेत, फक्त प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. मुंबईची राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था, पुण्यात यशदामधलं डॉ. आंबेडकर स्पर्धा परीक्षा केंद्र या त्यांतल्या जुन्या. याशिवाय अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय आणि खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी अमृत या संस्था प्रशिक्षणाच्या योजना काढतात. काहींमध्ये दरमहा विद्यावेतनही असतं. क्लासला पैसे भरण्याआधी आपल्याला लागू असलेल्या संस्थेच्या संकेतस्थळावरची जाहिरात पाहणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

आता तिसरा रकाना. यूपीएससीच्या २०२४ च्या परीक्षेला ९,९२,५९९ अर्ज आले, ५,८३,२१३ जण पूर्वपरीक्षेला बसले आणि अखेर १,००९ जणांची शिफारस झाली. खुल्या प्रवर्गाला सहा संधी आणि ३२ वर्षांची मर्यादा आहे. एमपीएससीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत बसता येतं. ही मर्यादा उदार आहे, आणि म्हणूनच महाग पडते. ३८ पर्यंत बसता येतं म्हणून ३८ पर्यंत बसायचं असतं असं नाही. स्वतःची मर्यादा स्वतः घाला. ‘दोन पूर्वपरीक्षांत मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो नाही तर पूर्णवेळ तयारी बंद’ असा एखादा नियम अर्ज भरतानाच लिहून ठेवा. निकालाच्या दिवशी नियम बनवायला बसलात, तर मन नेहमी आणखी एका संधीच्या बाजूने कौल देतं.

गेट आणि नेट : इथे उलट पैसे मिळतात

अभियांत्रिकीच्या मुलांनी गेटचा विचार खर्चाच्या बाजूनेही करावा. २०२६ च्या परीक्षेचं शुल्क २,००० रुपये होतं; महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना १,०००. गुण तीन वर्षं चालतात आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून परीक्षा देता येते. म्हणजे तिसऱ्या वर्षाला एकदा सराव म्हणून दिली, तरी ते गुण पदवीनंतर वापरता येतात. गेटच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर पात्र विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन असतं. काही सार्वजनिक कंपन्या याच गुणांवर नोकरीही देतात.

नेटचं शुल्क खुल्या प्रवर्गाला १,१५०, ईडब्ल्यूएस आणि ओबीसी नॉन-क्रिमीलेअरला ६००, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ३२५. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडं भत्ता. तिच्यासाठी खुल्या प्रवर्गातल्या पुरुष उमेदवाराला ३० वर्षांची मर्यादा आहे. महिला आणि राखीव प्रवर्गांना सवलत आहे.

खोच आहे ती नेट आणि अधिछात्रवृत्ती यांच्यामधल्या फरकात. नुसती नेट उत्तीर्ण झाल्याने पगार सुरू होत नाही. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे हाल महाराष्ट्राला नवे नाहीत. प्राध्यापकीचं पान मांडताना कायम नेमणूक होईपर्यंतची वर्षं दुसऱ्या रकान्यात प्रामाणिकपणे धरा.

एमबीए : अर्जांचीच बेरीज करा

कॅटचं शुल्क २०२५ मध्ये २,६०० रुपये होतं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना १,३००. तेवढ्यात सगळ्या आयआयएमसाठी अर्ज होतो. पण कॅटचे गुण घेणाऱ्या इतर संस्था स्वतःचा वेगळा अर्ज आणि वेगळं शुल्क मागतात. चार-पाच संस्था धरल्या की अर्जांवरच दहा-बारा हजार जातात; मुलाखतींचा प्रवास वेगळा. शिवाय कॅटचे गुण त्या वर्षापुरतेच चालतात.

महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीचा अर्ज हजार रुपयांच्या आसपास असतो. मुंबईची जमनालाल बजाज संस्था किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग अशा जागा त्याच गुणांवर मिळतात. अहमदाबादच्या आयआयएमची दोन वर्षांची फी २५ लाखांच्या पुढे आहे. विद्यापीठाच्या विभागात ती त्याच्या छोट्याशा हिश्श्यात होते.

मधल्या फळीतल्या खासगी संस्थांकडे मात्र बारकाईने बघा. जाहिरातीतलं सर्वोच्च पॅकेज विचारात घेऊ नका. मध्यावरचा पगार किती आणि किती विद्यार्थ्यांना नोकरी मिळाली, हे विचारा. मागच्या वर्षीच्या तुकडीतल्या दोघा-तिघांशी थेट बोला. बारा लाख फी भरून हातात महिना तीस हजार येणार असतील, तर तिसरा रकाना प्रवेशाच्या दिवशीच भरून ठेवलेला असतो.

परदेश : जर्मनी आणि अमेरिकेचं वेगळं गणित

पुण्यात जर्मन शिकण्याची परंपरा जुनी. मॅक्सम्युलर भवन आहे, आणि रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग तुलनेने कमी फीत शिकवतो. म्हणून जर्मनीचा हिशेब सविस्तर मांडू. युरो हिशेबापुरता १०० रुपये धरला आहे.

शिरण्याचा खर्च : पासपोर्ट १,५००. भारतीय विद्यार्थ्यांना लागणारं, शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र १८,०००. आयईएलटीएस सुमारे १८,०००. युनि-असिस्ट या अर्जसेवेमार्फत पाच अर्ज केले, तर पहिल्याचे ७५ आणि पुढच्या प्रत्येकाचे ३० असे १९५ युरो, म्हणजे १९,५००. व्हिसा ७५ युरो, म्हणजे ७,५००. बेरीज ६४,५००. विमान, विमा आणि भाषेचे वर्ग वेगळे.

यानंतर येते ब्लॉक्ड अकाउंटची अट : वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे १२ लाख रुपये. अनेक पालक या आकड्याला फी समजून घाबरतात. ती फी नाही. ते मुलाच्याच नावावरचे पैसे असतात आणि तिथे गेल्यावर महिना ९९२ युरो याप्रमाणे त्याला परत मिळतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसतं, फक्त सत्राचं अंशदान भरावं लागतं. अपवाद लक्षात ठेवा. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशी फी सुरू केली आहे. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्या कमाईचा हातभार लागतो, पण पहिल्या वर्षाच्या हिशेबात ती धरू नका. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी पार्टटाइम काम आणि पुढची नोकरी बरीचशी जर्मन भाषेवर अवलंबून असते. म्हणून भाषेच्या वर्गाला दिलेले पैसे परतीच्या रकान्यातही कामाला येतात. परत आलात तरी पुण्यात त्या भाषेवर काम मिळतं.

अमेरिकेत शिरण्याचाच खर्च मोठा. जीआरई २२० डॉलर, प्रत्येक विद्यापीठाचा अर्ज बहुधा ५० ते १५० डॉलर, विद्यार्थी नोंदणीचं सेविस शुल्क ३५० डॉलर, व्हिसा शुल्क १८५ डॉलर. मास्टर्सचा एकूण खर्च ४० ते ६० लाखांच्या घरात सहज जातो. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर एक वर्ष आणि त्यावर दोन वर्षं, असा एकूण तीन वर्षांचा कामाचा परवाना मिळतो. पुढचं सगळं व्हिसाच्या धोरणावर, आणि ते धोरण आपल्या हातात नाही. म्हणून अमेरिकेसाठी कर्ज काढताना हप्ता भारतातल्या पगारातून फेडता येईल का, एवढं एकदा मांडून पाहा.

शैक्षणिक कर्ज : हप्त्याच्या आधीचं व्याज

सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण आणि मार्जिन लागत नाही. ४ ते ७.५ लाखांपर्यंत जामीनदार मागू शकतात, त्यापुढे तारण. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडलेल्या दर्जेदार संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सरकार भरतं. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला मात्र ही सूट नाही. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे प्रवेश घेण्याआधी पाहा.

शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, पण व्याज धावत असतं. एक ढोबळ उदाहरण घ्या. १० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरलं, तर तीन वर्षांत ३ लाख व्याज साचतं. १३ लाख दहा वर्षांत फेडायचे, तर हप्ता सुमारे १७,१८० आणि एकूण फेड साडेवीस लाखांच्या पुढे. तेच पहिली तीन वर्षं दरमहा नुसतं व्याज, म्हणजे सुमारे ८,३३३ रुपये भरलं, तर पुढचा हप्ता १३,२१५ वर येतो आणि एकूण पावणेदोन लाख वाचतात. घरी थोडी जरी सोय असेल, तरी हे व्याज भरत राहा.

ताळा असा : हप्ता अपेक्षित पगाराच्या एकतृतीयांशाच्या आत राहावा. १७,१८० चा हप्ता पेलायला हातात महिना सुमारे ५१,५०० रुपये यायला हवेत. आयकराच्या जुन्या पद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते. नव्या पद्धतीत नाही.

फी माफी कुठे हुकते

महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, की ही माफी गेली. आधी फीची बेरीज, मग कोट्याचा विचार. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही, तर स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० पर्यंत मदत मिळू शकते. आर्थिक दुर्बलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. महाडीबीटी पोर्टलवरून येणाऱ्या शिष्यवृत्तीचे पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच खात्यात येतील असं धरून खोलीचं भाडं ठरवू नका. पहिले सहा महिने स्वतः निभावता येतील एवढी सोय ठेवा.

क्लासची पावती आणि ग्राहकाचे हक्क

क्लासला पैसे भरताना तीन गोष्टी लेखी घ्या : जीएसटीसह एकूण रक्कम, काय काय मिळणार, आणि मध्येच सोडल्यास किती परत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की पूर्ण फी भरून विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासच्या जाहिरातींवर नियम घातले. यशस्वी उमेदवाराचा फोटो त्याच्या संमतीशिवाय वापरता येत नाही आणि त्याने नेमका कोणता कोर्स घेतला होता, हे सांगावं लागतं. फलकावरचा चेहरा फक्त मुलाखतीच्या मोफत सरावाला आलेला असू शकतो.

‘बिनव्याजी हप्ते’ ऐकलं की सावध व्हा. बऱ्याचदा ते तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर वित्त कंपनीने दिलेलं कर्ज असतं. क्लासला त्याचे पैसे आधीच मिळालेले असतात. तुम्ही क्लास सोडलात तरी हप्ता चालूच राहतो, आणि थकला तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडतो. पुढे शैक्षणिक कर्ज मागायला गेलात, की तोच डाग आडवा येतो. क्लासकडे थेट दोन-तीन टप्प्यांत फी भरणं त्यापेक्षा बरं.

वाद झाला तर आधी लेखी तक्रार करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. महाविद्यालयाचा प्रवेश रद्द करताना यूजीसीचे फी परताव्याचे नियम पाहा. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायचा अधिकार संस्थेला नाही.

परतीचं भाडं आधीच जमवून ठेवा

तिसरा रकाना हलका करायचे स्वस्त मार्ग आहेत. यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे. तयारी चालू असताना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून एम.ए., एम.कॉम. करता येतं. दोन वर्षांनी परीक्षा हुकली, तरी पदव्युत्तर पदवी हातात असते. एनपीटीईएलचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट शिकता येतात. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर एका विषयाचे १,००० रुपये. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन ठरलेलं आहे. आपल्या जिल्ह्यात जागा आहेत का, हे पाहायला हरकत नाही. आणि घरच्या आरोग्य विम्यात तुमचं नाव कोणत्या वयापर्यंत चालतं, ते पॉलिसीत पाहून ठेवा. अनेक पॉलिसींत पंचविशीनंतर मुलाला वेगळा विमा घ्यावा लागतो.

शेवटच्या वर्षाचं वेळापत्रक

जून-जुलै : दाखले, जात वैधतेचा अर्ज, पासपोर्ट, तीन रकान्यांची पानं.

ऑगस्ट-सप्टेंबर : कॅट आणि गेटचे अर्ज. आयईएलटीएसची तारीख, तिचे गुण दोन वर्षं चालतात.

नोव्हेंबर-डिसेंबर : कॅट. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे अर्ज. नेटचं डिसेंबर सत्र.

जानेवारी-फेब्रुवारी : यूपीएससीची जाहिरात, गेट परीक्षा, राज्याच्या सीईटीचे अर्ज.

मार्च ते मे : सीईटी, यूपीएससी पूर्वपरीक्षा. जर्मनीतल्या हिवाळी सत्राचे अर्ज. बऱ्याच ठिकाणी अखेरची मुदत १५ जुलै, काही ठिकाणी ती त्याआधीच संपते.

जून : कर्जाची मंजुरी आणि कुठेही पैसे भरण्याआधी तिन्ही रकान्यांची फेरतपासणी.

एवढं झाल्यावर घरी बसून बोला. ‘प्रयत्न करून बघतो’ एवढ्यावर आई-बाबांना पैसे उभे करायला लावू नका. ‘पुढच्या वर्षीच्या जूनपासून दोन वर्षं, महिना बारा हजार, दोन पूर्वपरीक्षा. नाही झालं तर मुक्त विद्यापीठातलं एम.ए. पूर्ण झालेलं असेल आणि मी नोकरीला लागेन,’ असं सांगा. त्यांना किती मोडायचं आणि किती राखायचं ते कळेल, तुम्हाला कधी थांबायचं ते कळेल, आणि लग्नकार्यात ‘सध्या काय चाललंय?’ म्हणून विचारणाऱ्यांना द्यायला तारखेसकट उत्तर असेल.